खेळ मुलांचा, कागद एजन्सीचा

श्रोतेहो, मोबाइलवरच्या खेळांविषयी बोलायला कवीला कशाला बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या गल्लीत कवी म्हणजे ज्याला कागद वाचता येतो असा माणूस. कुणाला तहसीलचं पत्र येतं, कुणाला बँकेची नोटीस येते, आणि ती फिरत फिरत माझ्या टेबलावर येते. बी. ए. झाल्यापासून मी हे काम बिनपगारी करतो आहे. अलीकडे मात्र एका नव्याच जातीचा कागद येऊ लागला आहे. इंग्रजीत, वीस-बावीस पानांचा, आणि घेऊन येणारा सतरा-अठरा वर्षांचा. हा असतो गेमिंगचे व्यावसायिक संघ चालवणाऱ्या एजन्सीचा करार. आज त्या कागदाविषयीच बोलायचं आहे.

ज्यांच्या घरात असं पोरगं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. पैसे लावून खेळायची मोबाइलवरची रमी वेगळी आणि ज्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात ते वेगळं. रमी, फँटसी क्रिकेट असले पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र रीतसर खेळ म्हणून जागा दिली. इथे खेळाडू पैज लावत नाही, कौशल्यावर खेळतो आणि बक्षीस मिळवतो. आपल्याकडे सगळ्यात गाजलेला ‘बीजीएमआय’ घ्या. चौघाचौघांचे सोळा संघ एका नकाशावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. सामन्याचं समालोचन होतं, लाखो पोरं ते यूट्यूबवर बघतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रदर्शनीय म्हणून होता. तिथे भुजच्या तीर्थ मेहताने कांस्य मिळवलं. पुढे हांगझौला २०२३ मध्ये त्याला खरी पदकंही लागली. तेव्हा ‘हा काय खेळ आहे का’ हा वाद आता मागे पडला आहे. माझ्या मनात तो अजून थोडा शिल्लक आहे, पण माझ्या मनाला विचारतो कोण?

आता हे संघ चालवतं कोण? गावच्या कबड्डी संघासारखं मंडळ यामागे नसतं. यामागे कंपन्या असतात. पोरं त्यांना ‘ऑर्ग’ म्हणतात. काही कंपन्या संघच बाळगतात: खेळाडूंना महिना पगार, राहायला घर, सरावाला प्रशिक्षक. काही एजन्स्या संघ बाळगत नाहीत, त्या खेळाडूला फक्त जाहिराती मिळवून देतात आणि त्यातला वाटा घेतात. आणि काही दोन्ही करतात. मुंबईचंच उदाहरण सांगतो. ‘मॉर्टल’ या नावाने खेळणारा नमन माथुर याचा ‘सोल’ हा संघ आणि ‘ठग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनिमेश अग्रवालची ‘एट बिट’ ही एजन्सी २०२० मध्ये एकत्र आली आणि ‘एस८यूएल’ उभी राहिली. लिहिताना आठाचा आकडा, उच्चारताना सोल. २०२२ साली लास व्हेगासला जगातल्या सर्वोत्तम गेमिंग आशयसमूहाचा पुरस्कार या मंडळींनी आणला. मुंबईच्याच ‘ग्लोबल ईस्पोर्ट्स’ला २०२३ पासून ‘व्हॅलरंट’ या खेळाच्या पॅसिफिक विभागाच्या लीगमध्ये भागीदार संघांत जागा मिळाली. चेतन चांदगुडे यांचा ‘गॉडलाइक’ तर खेडोपाडीच्या पोरांना तोंडपाठ. हे सगळे विशी-तिशीतले लोक, बरेचसे स्वतः आधी खेळाडू. बापजाद्यांच्या पैशावर बसलेले शेठ नव्हेत, हे लक्षात घ्यायला हवं.

यांना पैसा मिळतो कुठून? बक्षिसाचा आकडा छापून येतो म्हणून आपल्याला तोच दिसतो. २०२१ च्या बीजीएमआय मालिकेची एकूण बक्षिसं एक कोटीची होती. पण बक्षीस म्हणजे ऊरूसातल्या कुस्तीचा नारळ. कधी लागतो, कधी नाही. त्याच्यावर घर चालत नाही. खरी कमाई प्रायोजकांची. मोबाइल कंपनी, शीतपेय, हेडफोन, चिप्स. खेळाडूच्या टी-शर्टवर नाव, त्याच्या व्हिडिओत दोन मिनिटं. म्हणजे एजन्सी विकते काय, तर खेळाडूची लोकप्रियता: त्याचं नाव, त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचं चॅनेल. हे एकदा समजलं की करारातली अर्धी कलमं आपोआप समजतात.

माझ्या श्रीरामपूरच्या आपाचा मुलगा, माझा भाचा, असाच एक करार घेऊन आला. दुल्हेभाईंचं छोटं गॅरेज आहे. पोरगा बारावीला, वय सतरा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळतो म्हणून रोज बोलणी खायचा. मग राज्यपातळीवरच्या एका ऑनलाइन स्पर्धेत याचा संघ वर आला आणि एका एजन्सीचा फोन आला. एजन्सीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पुढे चार जणांचे कागद पाहिले, मजकूर थोड्याफार फरकाने तोच. करार यायच्या आधी घरी एक पार्सल आलं होतं. त्यात तीस-पस्तीस हजारांचा नवा फोन. फोन आधी आला, कागद मागाहून.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे कळायला वेळ लागू नये. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दसऱ्याच्या आधी मुकादम येतो आणि कोयत्यामागे उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. ती लग्नात जाते, दवाखान्यात जाते, मागचं कर्ज फेडण्यात जाते. मग जोडी कारखान्याच्या फडावर जाते आणि टनामागे मजुरीतून उचल फिटत राहते. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला बांधली जाते. उचल घेतलेल्या माणसाला भाव करता येत नाही, कारण पैसे आधीच खर्च झालेले असतात. मुकादमही बहुतेक वेळा गावातलाच असतो, त्याच्याही डोक्यावर वाहतूकदाराचा पैसा असतो. तमाशाच्या फडातही कलावंत उचलीवरच बांधला जायचा. तेव्हा तो फोन बघितल्याबरोबर मी आपाला म्हणालो, ‘‘आपा, ही उचल आहे.’’ ती म्हणाली, ‘‘नाही रे, ते म्हणाले भेट आहे.’’ करारातल्या नवव्या पानावर ती भेट खर्चाच्या यादीत निघाली. सराव-शिबिराचं राहणं, जेवण, उपकरणं, प्रवास हे सगळं बक्षिसाच्या आणि जाहिरातीच्या रकमेतून ‘आधी’ वजा होणार होतं, आणि राहील त्याचे वाटे पडणार होते. पगार महिना बारा हजार. मुदत तीन वर्षं, पुढे दोन वर्षं वाढवायचा हक्क एजन्सीचा. मधेच दुसऱ्या संघात जायचं तर त्या संघाने किंवा पोराने पंधरा लाख भरायचे.

मी कवी असल्यामुळे एका कलमापाशी फार वेळ थांबलो. खेळाडूचं खेळातलं नाव, त्याचा चेहरा आणि त्याचे व्हिडिओ वापरायचा हक्क एजन्सीला ‘संपूर्ण ब्रह्मांडात आणि अनंत काळ’ राहील, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही कवी ब्रह्मांड, अनंतकाळ असले शब्द सढळ हाताने वापरतो, आणि त्यावरून टीकाकार आम्हाला झोडपतात. इथे एक वकील तेच शब्द वापरून श्रीरामपूरच्या गॅरेजवाल्याच्या पोराचं नाव लिहून घेत होता. त्याला कुणी झोडपत नाही.

सहीची जागा दोघांसाठी होती, खेळाडू आणि पालक. इथे मी माझ्या एका वकीलमित्राला गाठलं. त्यांनी सांगितलं ते प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ११व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही. १९०३ साली मोहोरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्टच सांगितलं, की अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल. मला बरं वाटलं. म्हटलं, मग पोरगं सुटलं. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘थांबा, दुसरी बाजू ऐका.’’

दुसरी बाजू आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातली आहे, १९४९ च्या सुमाराची. ‘रामराज्य’ चित्रपटात रामाचं काम करून घराघरात पोचलेले प्रेम अदीब निर्माते झाले होते. राजराणी नावाच्या अज्ञान मुलीला त्यांनी एका चित्रपटात काम द्यायचा करार केला, मुलीच्या वतीने तो वडिलांनी केला. पुढे ती भूमिका दुसरीला गेली, ठरलेले पैसे मिळाले नाहीत. मुलगी कोर्टात गेली आणि हरली. अज्ञान मुलीने चाकरी करण्याचं दिलेलं वचन कायद्याने बांधत नाही, तिच्या वतीने वडिलांनी दिलं तरी बांधत नाही. आणि जे वचन तिला बांधत नाही, त्याच्या मोबदल्यात तिलाही काही मागता येत नाही. थोडक्यात, सतरा वर्षांच्या पोराला कागद धरून ठेवू शकत नाही, पण एजन्सीने पैसे बुडवले तर तो कागद पोराच्याही कामाचा नाही. दुल्हेभाई सही करायला पेन काढून बसले होते. त्यांनी पेन खिशाला परत लावलं.

करारात आणखी एक कलम होतं, आणि त्याने मला घरबसल्या सुप्रीम कोर्टात नेलं. तीन वर्षं संपल्यावर पोराला दुसरीकडून देकार आला, तर तो आधी या एजन्सीला दाखवायचा. तेवढीच रक्कम द्यायला ती तयार असेल तर तिच्याकडेच राहायचं. ऐकायला सभ्य वाटतं. वकीलसाहेबांनी ते वाचलं आणि हसले. म्हणाले, ‘‘हे कलम तुमच्या श्रीरामपूरच्याच माणसाने पाडलंय.’’

मला खरंच माहीत नव्हतं. झहीर खान श्रीरामपूरचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याचा चेंडू कसा आत यायचा हे पानपट्टीवर हाताने करून दाखवणारे कमी नाहीत. पण त्याच्या नावाचा एक निकाल आहे आणि तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, हे आमच्या पानपट्टीवर कधी कुणी बोललं नाही. झालं असं. २००० सालच्या ऑक्टोबरात झहीर भारताकडून पहिल्यांदा खेळला, वय एकवीस. त्याच सुमाराला ‘परसेप्ट डी-मार्क’ या एजन्सीशी त्याचा जाहिरातींसाठी तीन वर्षांचा करार झाला. ऑक्टोबर २००३ मध्ये मुदत संपली आणि झहीरने ‘ग्लोबोस्पोर्ट’ या दुसऱ्या एजन्सीचा हात धरला. जुनी एजन्सी कोर्टात गेली. तिचं म्हणणं, करारात कलम आहे, मुदत संपल्यावरही नवा देकार आधी आम्हाला दाखवायला हवा होता. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी आधी एजन्सीच्या बाजूने मनाई दिली, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. कारण करार कायद्याचं २७वं कलम. कुणालाही त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. करार चालू असताना ‘दुसरीकडे जाऊ नको’ म्हणता येतं, तो संपल्यावर म्हणता येत नाही. आणि न्यायालयाने आणखी एक गोष्ट लक्षात घेतली, ती मला कायद्यापेक्षाही पटली: खेळाडू आणि त्याचा कारभार पाहणारा माणूस यांचं नातं भरवशाचं असतं, भरवसा उडाल्यावर त्याच माणसाकडे कारभार ठेवायची सक्ती करता येत नाही.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढा खूश झाला, की त्याला वाटलं आता सगळं फुकटच झालं. ‘‘मामू, मग कलम राहू दे की. झहीरभाईंचा निकाल आहेच ना!’’ मी म्हटलं, ‘‘बेटा, झहीरभाईंकडे वकील होते. मुंबईत आणि दिल्लीतही.’’ निकाल पुस्तकात असतो. तो पुस्तकातून काढून आपल्या उपयोगाला आणायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि पंधरा लाखांची नोटीस आली की गॅरेजवाल्याचा हात तिथेच थरथरतो. असली कलमं टिकणार नाहीत हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी ती लिहितात, कारण ती कोर्टात टिकायची गरजच नसते, घरात भीती बसली की काम झालं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ खेळणारा टर्नर टेनी, खेळातलं नाव ‘टफ्यू’, २०१९ मध्ये आपल्याच ‘फेझ क्लॅन’ या संघाविरुद्ध कोर्टात गेला. जाहिरातींच्या काही उत्पन्नात ८० टक्क्यांपर्यंत वाटा संघाला देणारा करार आपल्याकडून करून घेतला, असं त्याचं म्हणणं होतं. संघाने ते फेटाळलं, त्याच्या कमाईतून आपण फारच थोडं घेतल्याचं सांगितलं. २०२० मध्ये दोघांनी आपसात मिटवलं. दक्षिण कोरियात तर याच २०१९ साली मोठं वादळ झालं. तिथे हा खेळ आपल्या क्रिकेटसारखा. ‘ग्रिफिन’ या संघातल्या एका अज्ञान खेळाडूला चीनमधल्या संघाशी लांब मुदतीचा करार करायला दडपणाखाली भाग पाडलं, असा आरोप त्याच संघाच्या माजी प्रशिक्षकाने केला. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे केलेल्या अर्जावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तिथल्या सरकारने मग २०२० मध्ये खेळाडूंसाठी नमुना करार तयार केले. आपल्या २०२५ च्या कायद्यात स्पर्धा कशा घ्याव्यात, प्रशिक्षण संस्था कशा असाव्यात याची सोय आहे. खेळाडू आणि एजन्सी यांच्यातल्या कराराबद्दल त्यात काही नाही.

एजन्सीवाल्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं मुकादमाला शिव्या देण्याइतकं सोपं होईल. तो धंदा वाटतो तेवढा सुखाचा नाही. कुस्तीचा कुणी मालक नसतो. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली. पंचाच्या निर्णयावरून केवढा गोंधळ झाला, लाथाबुक्क्यांवर आलं, पैलवानांवर बंदी आली. पण कुस्ती काही बंद पडली नाही. या खेळांना मात्र मालक असतो. बीजीएमआय हा ‘क्राफ्टन’ या कोरियन कंपनीचा. आधीचा ‘पबजी मोबाइल’ सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला. जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला. २८ जुलै २०२२ ला तोही सरकारी आदेशाने दुकानातून, म्हणजे मोबाइलच्या दुकानातून, गायब झाला, आणि मे २०२३ मध्ये परतला. मधले दहा महिने संघ होते, घरं भाड्याने घेतलेली होती, पगार चालू होते आणि खेळ नव्हता! डोळ्यांसमोर आणा, नगरची सगळी तालीम तयार आहे आणि एक दिवस कुणीतरी मातीच उचलून नेली. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या खेळांच्या कंपन्या बसल्या, तेव्हा त्यांच्याकडून खेळांकडे येणारा जाहिरातीचा पैसाही आटला. क्रिकेट संघाच्या छातीवरचं ‘ड्रीम११’ गेलं ते आपण पाहिलंच. आणि वर सांगितलेला तो ‘फेझ क्लॅन’, २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरताना त्याची किंमत सुमारे साडेबहात्तर कोटी डॉलर धरली होती. पुढच्याच वर्षी सौदा ठरला तो दोन कोटी डॉलरच्याही आत. तेव्हा एजन्सी लांब मुदत मागते, खर्च आधी वजा करते, यात नुसती लबाडी नसते, धास्तीही असते. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या धास्तीचा विमा सतरा वर्षांच्या पोराने का भरावा?

पगार, मुदत, वाटा यावर घासाघीस होऊ शकते आणि ती व्हावी. पण नावाच्या बाबतीत मला घासाघीस मान्य नाही. आमच्याकडे शायर तखल्लुस घेतो. आईबापांनी ठेवलेलं नाव बाजूला ठेवून तो स्वतःला नवं नाव देतो, आणि गझलेच्या शेवटच्या शेरात ते गुंफतो. मराठीत अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांनी ‘योगसंग्राम’ लिहिला त्याला चारशे वर्षांच्या आसपास झाली. नाव अजून त्यांचंच आहे. संगमनेरला राहिलेल्या, २०२१ मध्ये गेलेल्या कांताबाई सातारकर तमाशातलं मोठं नाव. ‘सातारकर’ ही ओळख गावाने दिलेली. फड बदलला, मालक बदलला, तरी असं नाव कलावंताबरोबर जायचं. गेमिंगमधलं पोरही असंच करतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःला एक नाव देतं, बहुधा इंग्रजी आणि बहुधा भयंकर. मृत्यू, भूत, विष असलं काहीतरी. माझ्या भाच्याचंही तसंच आहे, ते मी इथे उच्चारणार नाही. पण त्या नावाने त्याला अनोळखी हजारो माणसं ओळखतात. संघात गेल्यावर त्या नावाच्या आधी संघाचं नाव लागतं, संघ सोडला की ते गळून पडतं. इथपर्यंत ठीक. पाठीमागचं नाव, जे त्याने स्वतः घेतलं, ते आणि त्याचं चॅनेल तिसऱ्याच्या मालकीचं झालं, तर तीन वर्षांनी एकवीस वर्षांचा मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे काय उरतं? ज्या वयात या खेळातली बोटं मंदावतात असं ही पोरंच सांगतात, त्या वयाकडे तो निघालेला असतो, आणि नव्याने नाव कमवायला बसतो.

भाच्याच्या करारावर मी पाच ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. एजन्सीने कळवलं, हा आमचा ठरलेला नमुना आहे, बाकीचे बिनबोभाट सही करतात. आपाने फोन पार्सल करून परत पाठवला. त्यावर भाचा माझ्याशी तीन महिने बोलला नाही, आणि दुल्हेभाई दोघांच्या मध्ये बसून जेवत राहिले. मग तो अठरा वर्षांचा झाला. त्याच एजन्सीचा पुन्हा फोन आला, कारण मधल्या काळात तो चांगला खेळला होता. या खेपेला तो एकटाच बोलला. खेळातलं नाव आणि चॅनेल त्याचं त्याच्याकडे राहील असं त्याने लिहून घेतलं. मुदत तीन वर्षांची दीड झाली. खर्च आधी वजा करायचं कलम तसंच राहिलं, पंधरा लाखांचे आठ झाले, आणि मुदतीनंतरचं ते कलमही त्याने राहू दिलं, झहीरभाईंच्या भरवशावर. मला विचारलं असतं तर मी आणखी ताणायला सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. सध्या तो पुण्यात एका फ्लॅटमध्ये पाच पोरांबरोबर राहतो आणि बारावीचा राहिलेला एक विषय देणार आहे, असं आपाला सांगतो.

ज्यांच्या गल्लीत कागद वाचणारा कुणी नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या ठिकाणी त्याची समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथे मोफत मदत मिळते, आणि मदत म्हणजे नुसता खटला लढवणं नव्हे, सल्लाही. अठरा वर्षांखालची मुलं आणि स्त्रिया यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आई गेली तरी चालतं, गॅरेज बंद ठेवून बापाने जायची गरज नाही. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. एजन्सीचा माणूस म्हणेल, आत्ता फोनवरच बोटाने सही करा, उद्या जागा भरेल. त्याला सांगावं, कागद छापून पाठवा, आणि प्रत आमच्याकडे राहील.